पहिल्या मजल्यावरचं फुकट पाणी

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे. त्याचं गरम पाणी फुकट, असं आमचे चेअरमन ज्याला त्याला ऐकवतात. ते राहतात पाचव्या मजल्यावर, टाकीच्या बरोबर खाली. त्यांचं काय जातंय सांगायला? मी पहिल्या मजल्यावर. पाइपात रात्रभर गार झालेलं पाणी बादल्याच्या बादल्या सोडून दिलं की मग कुठे कोमट धार येते. आणि सोडलं की हेच गृहस्थ जिन्यात अडवून खडकवासल्यात किती पाणी उरलंय ते सांगणार. म्हणून मी सरळ गिझर बसवला. विजेचं बिल वाढलं, सोलरच्या देखभालीची वर्गणीही सुटली नाही. पण माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय. गार पाण्याने त्यांचा उजवा हात आखडतो.

एकदा चेअरमन वर्गणी मागायला आले आणि बाबांच्या देखत म्हणाले, "डोक्यावर सूर्य असताना वीज जाळता? पैसे उतू चाललेले दिसतात." मी तिथल्या तिथे सुनावलं, पण बाबांच्या मनाला ते लागलं. त्या थंडीत ते अंघोळ करून बाहेर यायचे तेव्हा दात वाजत असायचे. विचारलं की म्हणायचे, "मला गारच बरं वाटतं." मग तो हात मी चोळत बसायचे. जिन्यात चेअरमनांची चप्पल वाजली तरी माझं डोकं फिरायचं.

थंडी सरायच्या आतच चेअरमनांनी बाथरूमच्या फरश्या बदलायला काढल्या. त्यात लग्नाला जायचं, आणि शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप. खांद्यावर टॉवेल टाकून स्वारी आमच्या दारात.

"अहो, जरा अंघोळ उरकून घेतो."

"या ना. सोलरचा नळ डावीकडे," मी म्हटलं. "पाणी तेवढं वाया घालवू नका, खडकवासल्याचं आहे."

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अहो, गिझर लावता का?"

बटण बाहेरच्या भिंतीवर, माझ्या हाताशी होतं. बाबा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते.

"डोक्यावर सूर्य असताना?" मी विचारलं.

आतून तांब्या ओतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक लांबलचक हुडहुडी. बाबा तोंडावर पंचा धरून हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते. बाबा भिंतीला धरत धरत आले, आणि त्याच आखडलेल्या हाताने त्यांनी गिझरचं बटण दाबलं.