नळाचं पहिलं पाणी

सन २०१९, वय त्रेसष्ट. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका जुन्या घरापुढे मी, नळाचा मिस्त्री, गटारात उतरलो होतो.

त्या घरातल्या सुनेचं तेरावं नुकतंच उरकलं होतं. कावीळ. सातवा महिना होता. पोरगी गेली, पोटातलंही गेलं.

नवरा, मंगेश, वरून म्हणाला, "मिस्त्री, फक्त बघून घ्या. ती बाहेरचं खाऊन आजारी पडली. डॉक्टर उगाच पाण्याचं बोलला."

पाइपाला हात लावला तर पापुद्रा हातात आला. जीआय पाइप म्हणजे लोखंडी, वरून जस्त चढवलेला. जस्त गेलं की गंज, मग भोकं. हा पाइप मंगेशच्या आजोबांच्या काळापासून गटारातूनच गेलेला. त्यात मोटर थेट पालिकेच्या लाइनीवर. आमच्याकडे सगळ्यांचीच तशी. नळाला पाणी यायच्या आधीच बटण दाबतात. लाइनीत पाणी नसताना मोटर ओढणार काय? भोकातून गटार.

"पाणी तर स्वच्छ दिसायचं," सासू, शालनताई, म्हणाल्या.

"घाण थोडीच प्रत्येक वेळी दिसते, ताई."

त्या म्हणाल्या, "पहिल्या पाण्याला कुणाचा हात लागलेला नसतो, म्हणून मी ते देवाला भरायचे. त्यातलंच तांब्याभर तिला द्यायचे. दोन जिवांची होती ना."

मोटरनं ओढलेली घाण पहिल्याच पाण्यात येते.

"मिस्त्री, खरं सांगा. माझ्या तांब्यानं गेली का ती?"

मंगेश त्यांच्या मागून मानेनं 'नको, नको' करत होता. पण कामाबद्दल मी जन्मात खोटं बोललो नाही.

"डॉक्टर बरोबर बोलला, ताई. या पाइपानं गेली. पहिलं पाणी सोडून द्यायचं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

त्या ओट्यावर बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या हाताकडे बघत राहिल्या.

मंगेश भडकला. "काका, आईला एवढं सांगायची काय गरज होती?"

"नाही सांगितलं तर उद्या त्या तुझ्यासाठी तोच तांब्या भरतील, बाबा."

आत जाऊन त्यानं दार लोटून घेतलं.

संध्याकाळपर्यंत भिंतीवरून नवी लाइन टाकली. नळाचं पाणी आधी खालच्या टाकीत सोडलं आणि मोटर त्या टाकीला जोडली. सांगण्यासारखं एवढंच: पाइप गटारातून नको, मोटर लाइनीवर नको, आणि पहिलं पाणी मोरीत सोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि अंबरनाथच्या माझ्याच घरची मोटर लाइनीवरून काढली. बायको ओरडली, "अहो, आता वर पाणी कसं चढणार?"

"हंड्यानं. मी आणीन," म्हटलं.