ऑर्लेनानं ओळ दिली

रंगमंचावर मी काय काय पाहिलंय म्हणून सांगू! नायकाची खोटी मिशी नायिकेच्या गालाला चिकटलेली पाहिली, ऐन मरणाच्या प्रवेशात तंबू कोसळलेला पाहिला. पण त्या गुरुवारी आमच्या शाळेच्या व्यायामशाळेत जे घडलं, त्यानं माझी वाचाच बसली. मला ओळखणाऱ्यांना विचारा, ती सहजासहजी बसत नाही.

ऑर्लेना स्लोन शाळेत स्वयंपाक करायची. केंटकीच्या आमच्या डोंगरांतली अर्धी पोरं तिच्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन वाढली. केसांना जन्मात कात्री लागलेली नव्हती, कारण ती जायची त्या टर्की फोर्क वस्तीतल्या चर्चमध्ये बायका केस कापत नाहीत. तिथं पेटी नाही, गिटार नाही, वाद्य म्हणजे पाप. एक पुरुष एका सुरात भरभर ओळ सांगतो, आणि सगळी मंडळी तीच ओळ लांबवत, हेलकावे देत गातात. याला ओळ देणं म्हणतात. बाई कधी ओळ देत नाही.

मी गावातल्या बायकांना घेऊन एक संगीत नाटक बसवत होते. आमच्या डोंगरांतली गाणी गाणाऱ्या बायकांचं नाटक! ओसरीवर मूल मांडीत घेऊन गाणाऱ्यांपासून चमचमत्या झग्यात हजारोंपुढे उभं राहणाऱ्यांपर्यंत सगळ्या त्यात होत्या. ओसरीवरची पहिली बाई मला ऑर्लेनाच हवी होती. ती भांडी घासत होती तिथंच मी गाठलं.

"मिस वेल्डा, मला चर्चमधून काढतील."

"गाण्यासाठी?"

"गिटारसाठी. तुम्हा नाटकवाल्यांना सगळं एकच."

"काढलं तर काढलं!"

"तुमचं काय जातं बोलायला? माझा नवरा, डेन्व्हर, चर्चच्या त्या टेकडीवर पुरलाय. उद्या मला त्याच्या शेजारी ठेवतील, तेव्हा गायला कोण येईल? तुम्ही? तुमचा सूर ऐकून स्वर्गाचं दार आतून लावून घेतील."

मी हात टेकले. पण सोमवारी तालमीला ती पहिली हजर. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "आई पिठाच्या पिंपात रेडिओ लपवायची. बाप झोपला की आम्ही दोघी पिंपात डोकं घालून ऐकायचो. त्या गाणाऱ्या बायका माझ्या आईच्या मैत्रिणी होत्या, मिस वेल्डा. तिला दुसऱ्या नव्हत्या."

बातमी ब्रदर एल्झीपर्यंत पोहोचायला कितीसा वेळ लागणार? पूर्वी कोळशाचा ट्रक चालवायचे, आता टर्की फोर्कला प्रवचन करतात आणि ओळही देतात. त्यांनी जाहीर केलं, "ऐकीव गोष्टीवर कुणाला काढायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघू." शनिवारी चर्चची बैठक होती, म्हणून गुरुवारच्या प्रयोगाला सगळी मंडळी घेऊन आले. पुढच्या रांगांत हाताची घडी घालून बसले. लाह्यांचा पुडासुद्धा कुणी घेतला नाही.

ऑर्लेना खुर्चीत येऊन बसली. गिटारचा पहिला सूर निघाला, आणि फट्! दिवे गेले, माइक गेला, विजेवरची ती गिटार मुकी झाली. ट्रान्सफॉर्मरमध्ये खार शिरली होती, हे नंतर कळलं. कुणीतरी दारं उघडली, उन्हाळ्यातला संध्याकाळचा उजेड आत आला. ऑर्लेना लाकडासारखी बसलेली. मी विंगेतून ओरडले, "गा! थांबू नकोस!"

आता वाद्याशिवाय त्या गळ्याला गाणं माहीत होतं ते एकाच तऱ्हेचं. घाबरलेल्या ऑर्लेनानं डोळे मिटले आणि नाटकातल्या गाण्याची ओळ एका सुरात भरभर सांगून टाकली. "दार लोटू नकोस आई, तो उशिरा येईल घरी."

मग पुढच्या रांगांतून तीच ओळ उठली. लांब, जड, डोंगरावरून धुकं सरकावं तशी. सगळी टर्की फोर्कची मंडळी गात होती! सवयीचे गळे ते, ओळ आली की घेणारच. आणि सगळ्यांत मोठा आवाज ब्रदर एल्झींचा, डोळे मिटलेले, मान मागे टाकलेली.

ओळ संपली तेव्हा काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. चेहरा पिठासारखा पांढरा पडला. ऑर्लेनानं तोंडावर हात दाबला. तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या इव्हालीबाईच खेकसल्या, "दे की गं पुढची! अर्ध्यावर काय सोडतेस?"

ऑर्लेनानं दिली. शेवटपर्यंत दिली. ब्रदर एल्झी मात्र टोपी घेऊन उठले आणि वळून न बघता निघून गेले.

शनिवारी मी चर्चच्या मागच्या बाकावर बसले. कुणाचं काही गाऱ्हाणं असलं तर तेव्हाच सांगायचं असतं, तो बैठकीचा ठरलेला प्रश्न ब्रदर एल्झींनी विचारला, "मंडळीत शांती आहे का?"

ऑर्लेना उभी राहिली. "मी नाटकात गायले, त्याची माफी मागणार नाही. ते माझ्या आईसाठी होतं. पण मी ओळ दिली. ते माझं काम नव्हे. त्याची माफी मागते."

ब्रदर एल्झींनी बाकावरची टोपी उचलली. "भगिनी ऑर्लेना, तू दिलीस. घेतली मी. मला कुणी बळजबरी केली नव्हती. तुला काढायचं तर आधी मी बाहेर जातो."

मी तोंडात रुमाल कोंबला. ज्या माणसानं हातानं दार लावायचं, तोच उंबऱ्यावर उभा!

"दोघंही गेलात तर उद्या ओळ काय माझी कोंबडी देणार?" इव्हालीबाई म्हणाल्या. "हात मिळवा आणि गा."

तिथली रीतच आहे, गाता गाता एकमेकांचे हात हातात घ्यायचे. ब्रदर एल्झींनी भजनाची ओळ दिली, पण ऑर्लेनाच्या उंच सुरात, तिनं व्यायामशाळेत धरला होता तिथून. म्हाताऱ्या गळ्याला तो झेपेना, मध्येच चिरकला. कुणी हसलं नाही. त्यांचा हात हातात घेऊन उभ्या असलेल्या ऑर्लेनानं ओळ उचलली, आणि मग सगळ्यांनी.