डोंगरामागचं भंगार

आमच्या गावामागच्या डोंगरापलीकडे लष्कराचा माळ आहे. तिथे रणगाडे येतात, गोळे डागतात आणि इकडे माझ्या मांडणीवरची भांडी नाचतात. मी मूळची नगर शहरातल्या सावेडीतली, फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्नानंतर पहिला बार ऐकला तेव्हा मी थेट पलंगाखाली! सासूबाई हसून हसून बेजार. "अगं भवाने, आपल्याकडं बारा म्हयने दिवाळी हाय," म्हणाल्या. पुढे मलाही सवय झाली. माझी मुलगी तर पाळण्यात असताना त्या आवाजाने जागीसुद्धा व्हायची नाही.

नवरा नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होता. अमेरिकेतल्या ट्रॅक्टरांना लागणारा एक सुटा भाग तिथे बनायचा. त्या अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर बसवला आणि 'टॅरिफ' हा शब्द आमच्या घरात मीठमिरचीसारखा झाला. सासूबाईसुद्धा विचारायच्या, "त्या ट्यारिफचं काय झालं रं आज?" आधी ओव्हरटाइम बंद झाला. मग आठवड्यातले निम्मेच दिवस काम. शेवटी सुपरवायझर म्हणाला, घरी थांबा, ऑर्डर आली की फोन करतो. आमचा शेजारीही तिथेच कामाला होता. तोही घरी बसला.

टीव्हीवर मात्र वेगळीच धामधूम. संरक्षणावरचा खर्च वाढणार, नव्या तोफा येणार, नवा दारूगोळा. तावातावाने बोलणाऱ्या त्या माणसांचा मला असा संताप यायचा! आणि खरंच, डोंगरामागचे बार वाढले. पूर्वी अधूनमधून व्हायचे, आता ओळीने दिवसचे दिवस.

नवरा उजाडताच मोटारसायकल काढायचा. "नगरला काम बघून येतो." मी डबा द्यायची. दुपारी परत यायचा तो घामाने निथळत, पँटला कुसळं चिकटलेली. आता नगरच्या कुठल्या कारखान्याच्या गेटवर कुसळं असतात हो? विचारलं तर म्हणायचा, "डोकं नको खाऊ." मला भलतीच शंका आली. बाईची. ती खरी निघाली असती तर बरं, असं आता वाटतं.

त्या दिवशी मी शिवलेले ब्लाउज पोचवून लवकर परतले. अंगणातून ठण्ठण् आवाज येत होता. नवरा मातीत बसलेला, दोन्ही पायांच्या मध्ये हातभर लांबीचा लोखंडी गोळा, आणि छिन्नी लावून तो त्याच्यावरची तांब्याची कडी काढत होता. सासूबाई शेजारी बसून शेंगा फोडत होत्या. शेंगा!

ओरडायचं होतं, पण मी ओरडले आणि तो दचकला तर? अगदी हळू म्हणाले, "अहो, हातोडा खाली ठेवा."

"मोकळा हाय गं ह्यो. उडून गेल्याला. तांब्याला भाव हाय."

"तुजा सासरा बी आनायचा," सासूबाई म्हणाल्या. "फायरिंग थांबली की निम्मं गाव जायचं भंगार येचायला."

म्हणजे गावाची ही जुनीच रीत होती आणि मला एकटीला पत्ता नव्हता. मला पुढे जाववेना, मागे हटवेना. मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती आणि ती कधी चालत येत नाही, धावतच अंगणात शिरते. एवढं मी त्याला सांगितलं, तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

पोलीस पाटलांना फोन केला. लष्कराची माणसं आली. गोळा पाहिला मात्र, त्यांचे चेहरे बदलले. सगळ्या आळीला त्यांनी पार शाळेच्या मैदानापर्यंत हाकललं. गोळा अलगद पडीक रानात नेला, भोवती वाळूची पोती रचली आणि उडवला.

तो आवाज मला ओळखू आला नाही. इतकी वर्षं ऐकलेले बार डोंगराच्या पलीकडचे होते. हा अलीकडचा. नवरा मटकन खालीच बसला. सासूबाई त्याच्या पाठीत धपाटे घालायला लागल्या, "मोकळा व्हता व्हय रं मुडद्या? मोकळा व्हता?" आणि मारता मारता त्याच रडायला लागल्या. मी मुलीला इतकं आवळून धरलं होतं की ती म्हणाली, आई, दुखतंय.

लष्कराच्या माळावर शिरणं म्हणजे गुन्हा. अधिकाऱ्याने विचारलं, कुठे मिळाला? "नांगरताना घावला, सायब," नवरा म्हणाला. सगळ्या आळीने माना डोलावल्या.

संध्याकाळी शेजारी आला. वाटलं, धीर द्यायला आला असेल. चहा घेतला आणि म्हणाला, "कंपनीचा फोन आल्ता का?"

"न्हाई."

"मग उद्या जायचं का?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "मी न्हाई येनार आता."

माझा जीव भांड्यात पडला. शेजाऱ्याने कपबशी खाली ठेवली. "बरं. पन जागा तरी सांग. त्यो कुठं घावला?"

"अजिबात सांगू नका!" मी ओरडले. तरी ह्याने सांगितली. ओढ्याचं वळण ओलांडून डाव्या अंगाला. "तिथं जाऊ नगंस, म्हनून सांगतोय," असंही म्हणाला. शेजारी नुसतं व्हय, व्हय करत उठला.

मी अनवाणीच त्याच्या बायकोकडे पळाले. ती भाकरी थापत होती. "वहिनी, भाऊजींना अडवा. उद्या ते डोंगरामागं जाणार आहेत."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "ठाव हाय मला. रोज मीच बांधून देते भाकरी. तुमच्याकडं शिलाई मशीन तरी हाय, मी काय करू सांगा?"

मी तिथेच चुलीपाशी बसून राहिले. भाकऱ्या झाल्या, तिने हात धुतले आणि पदराला पुसत माझ्याजवळ येऊन बसली.

"सकाळी येता का माझ्याकडं?" ती म्हणाली. "हे माघारी येईस्तोवर बसा. एकटीला लई भ्या वाटतं."