नाल्याचं पाणी वस्तीच्या विहिरीपर्यंत

जऊळका स्टेशनवर लहान रुळांच्या गाडीतून उतरलो, तेव्हा मी पेटी इतकी जपून धरली होती की हमालाने विचारलं, आत साप आहे का. आत रंगाची पूड होती. चिमूटभर पाण्यात टाकली तरी उन्हात पाणी पोपटी चमकतं. तो रंग किती वेळाने कुठे पोहोचला आणि किती फिका झाला, यावरून पाण्याची वाट कळते आणि वेगही. बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली होती. अकोला जिल्ह्याच्या या वाशीम भागात नवे बंधारे घालायचे होते. त्याआधी पाणी तपासायला मला पुण्याहून पाठवलं होतं.

न्यायला दमणी (हलकी बैलगाडी) आली होती. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस, मधूनच हिवराची काटेरी झाडं. उतरलो बापूसाहेबांकडे. गावातले ते सर्वांत मोठे शेतकरी. बंधारा घालून गावच्या नाल्याचं, म्हणजे ओढ्याचं, सगळं पाणी आपल्या शेतांकडे वळवायचा त्यांचा बेत होता. खालच्या बौद्ध वस्तीच्या विहिरीला वेगळा झरा आहे, नाल्याशी तिचा संबंध नाही, असं त्यांनी मला जेवतानाच बजावलं. आंबाडीची आंबट भाजी मात्र आग्रहाने तीनदा वाढली.

सकाळी नाल्यात रंग सोडताना शेवाळावर पाय घसरला आणि पहिली पुडी माझ्याच सदऱ्यावर सांडली. दुसरी होती म्हणून निभावलं. मी तसाच हिरवागार वस्तीवर गेलो.

विहिरीसमोरच शेवंताबाईंचं घर. पन्नाशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या. या रंगाने अपाय होत नाही, असं मी सांगताच त्यांनी नाल्यावरून हिरवं पाणी आणवलं आणि पेला माझ्यापुढे धरला.

"पयले तुमी पेऊन दाखवा."

मी प्यालो. मग त्यांनी चहा टाकला.

दोन दिवस दर तासाला विहिरीचं पाणी बाटलीत भरून उन्हात धरत होतो. पाणी नितळच. विहीर आटली तर बायांना कोसभर जावं लागेल, असं शेवंताबाई सांगत होत्या. माझं मन त्यांच्याकडे ओढ घेत होतं. पण बाटलीत नसलेलं अहवालात कसं लिहिणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाईंनी स्वतः बादली ओढली आणि मला हाक मारली. पाण्यावर पोपटी झाक होती. दहा-बारा बाया जमल्या, हसू आवरेना. निरोप गेला तसे बापूसाहेब आले. उभ्या जन्मात ते या विहिरीवर पहिल्यांदाच आले होते. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"हे तं माह्याच नाल्याचं पानी व्हय."

"तुमचा कायचा, बापूसाहेब?" शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या वावरातून येते अन् इकडं जाते. नाला कोनाचा रायते?"

शेवंताबाईंच्या घरचा चहा पुढे आला, तो बापूसाहेबांनी घेतला. जाताना मला विचारलं, बंधाऱ्याला खाली मोरी ठेवली तर वस्तीकडे किती पाणी सुटेल. मी तिथेच हिशेब करून दिला.

जवळच्या मालेगावहून एस.टी. सुटल्यावर मांडीवर वही घेऊन अहवाल लिहायला बसलो. नाल्यापासून विहिरीपर्यंत पाणी दोन दिवसांत पोहोचलं, असं लिहिलं. तेवढंच अंतर चालायला बापूसाहेबांना किती वर्षं लागली, ते मोजायचं काम माझ्याकडे नव्हतं. ते पोहोचले, एवढं मी पाहिलं.