दारापर्यंतच्या मावशी

"चल, देवाला फिरवून आणू," असं दारातून म्हणत मावशी चपला न काढताच उभ्या राहायच्या. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये कुणालाही सातवा महिना लागला, की संध्याकाळी तिला बागेत नेणं हे त्यांचं काम. ते त्यांना कुणी दिलेलं नव्हतं.

पावलाला एक नाम, फेरीला एक माळ, असा त्यांचा हिशेब. मी ऑडिट खात्यातला, एकदा पावलं मोजली. फेरी एकशे एकतीस पावलांची भरली. माळ एकशे आठ मण्यांची. तसं मी त्यांना सांगितलं.

"मग वरची तेवीस बाळाची," मावशी म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसात कळवू नका म्हणजे झालं."

शेजारच्या वसईच्या ख्रिस्ती बाईंना त्या म्हणायच्या, "तू तुझी प्रार्थना म्हण. पाऊल तेवढं माझ्याबरोबर टाक."

आमचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी बायको हॉस्पिटलची पिशवी भरायला तयार नव्हती. तारखेचा विषय काढला, की उठून आत जायची.

"भीती वाटते?" मावशींनी तिला विचारलं.

"खूप."

"वाटू दे. तिलाही फिरायला घेऊ."

मी स्पष्टच विचारलं, "मावशी, जपाने बाळंतपण सुखरूप होतं का?"

"ते डॉक्टरीणबाई बघतील, त्यांना पगार आहे. मी हिला त्यांच्या दारापर्यंत नेणार."

दोन महिने दोघी फिरल्या. नवव्या महिन्यात बायकोने पिशवी स्वतः भरली. मी यादी केली होती, ती तिने वाचलीही नाही.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी टॅक्सीत मावशी मोठ्याने नाम घेत होत्या. सरदारजी ड्रायव्हरही गाडी हळू चालवू लागला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये शिरलो, औषधांचा वास आला आणि मावशींचा आवाज बंद झाला. चेहरा पांढराफटक.

"मला इथे चक्कर येते हो," त्या भिंतीला टेकत म्हणाल्या. "सात जणींना आणलं, पण मी दरवेळी गेटवरूनच परतले. आज हिने हातच सोडला नाही."

तेवढ्यात सिस्टर बायकोसाठी चाकांची खुर्ची घेऊन आली. बायकोने एक कळ जाऊ दिली, मग म्हणाली, "सिस्टर, इसमें इनको बिठा दो. मैं चलकर जाऊँगी."

मावशी खुर्चीत बसल्या. बायकोने त्यांच्या गालावरून हात फिरवला.

"मावशी, तुम्ही बसा. मी जाऊन येते."

भाजी आणायला निघावं तशी ती बोलली. आणि खरंच चालत आत गेली. मी पाहत राहिलो. त्या दिवशी मात्र मी पावलं मोजली नाहीत.

मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. तास दोन गेले की तीन, आजही सांगता येत नाही. मावशींना जाऊन आता नऊ वर्षं झाली, त्यामुळे त्यांना विचारायचीही सोय नाही.

अखेर सिस्टर बाहेर आली. तिने आधी मावशींची नाडी पाहिली, मग माझ्याकडे वळली.

"बेटी हुई है, दोनों ठीक हैं. आपकी वाइफ पूछ रही है, मौसीजी ने चाय पी क्या?"