सुलभाताईंचं नाक

सुलभाताईंनी माझं नाव विचारण्याआधी माझं मनगट हुंगलं होतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात मी डिस्पॅचच्या नोकरीसाठी पहिल्यांदा गेले, तेव्हाची गोष्ट. शेठ फोनवर होते, म्हणून मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. बाजूला साडीवर निळा कोट घातलेली एक चाळिशीतली बाई येऊन बसली, माझा हात उचलला, नाकाजवळ नेला आणि म्हणाली, "डिओ मारलायस?"

"हो."

"आणि खाली काय?"

"खाली काही नाही."

"म्हणूनच. प्रायमर न मारता भिंत रंगवलीस गं तू. दुपारपर्यंत पोपडे." मग हात परत माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "नाव काय?"

स्मिता, मी म्हटलं. पुढची चौदा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. आता त्या यजमानांबरोबर कुडाळजवळच्या गावी राहायला गेल्या आहेत आणि इथे त्यांना ओळखणारी माणसं एकेक करून कमी होत चालली आहेत. म्हणून हे लिहून ठेवते.

आमच्या गाळ्यात अगरबत्ती आणि साबणवाल्यांना लागणारे सुगंध तयार होत. त्याला आम्ही कंपाउंड म्हणायचो. तेलासारखा द्रव, मोठ्या ड्रममधून जायचा. ताईंचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब लालबागची खोली सोडून चारकोपच्या सेक्टरमध्ये आलं आणि एकोणीस वर्षांच्या ताई या गाळ्यात बाटल्यांना बुचं लावायला लागल्या. एक दिवस त्या बूच लावता लावता सहज म्हणाल्या, "आजचा गुलाब कालच्या गुलाबाची चुलत बहीण आहे." शेठनी तपासून घेतलं, तर एका घटकाचा पुरवठादार बदललेला निघाला. तेव्हापासून ताईंनी कंपाउंडमध्ये बुडवलेली कागदाची पट्टी हुंगून मान हलवल्याशिवाय एकही ड्रम बाहेर जात नसे. रसायनशास्त्राची पदवी असलेले दोन जण येऊन गेले, पण शेवटचा शब्द ताईंचा. हुद्दा मात्र शेवटपर्यंत पॅकिंग सुपरवायझर. त्याबद्दल विचारलं की म्हणायच्या, "नाकाला काय हुद्दा द्यायचा? नाक ते नाक."

त्यांच्या स्वतःच्या अंगाला जो वास यायचा, त्याचं नाव कुणाला सांगता यायचं नाही. अंघोळीनंतर अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत त्या खोबरेल तेलाचं एक बोट मानेला आणि कोपराच्या आतल्या बाजूला लावायच्या. त्यावर चंदनाचं अत्तर, तेही मोहरीएवढं. साडी नेसून झाली की पदराच्या आतल्या बाजूला यजमानांचा आफ्टरशेव्ह. हो, पुरुषांचा, केमिस्टकडे मिळणारा साधा. मी हसले तेव्हा म्हणाल्या, "यांचं एवढंच एक माझ्या अंगाला शोभतं."

शेठ त्या मिश्रणाच्या मागे होते. "सुलभाबेन, आपण बाटलीमध्ये भरू. नाव तुमचंच देणार." ताईंनी साफ नाही म्हटलं. "शेठ, त्यातला अर्धा वास माझ्या कातडीचा आहे. तो ड्रममध्ये कसा ओतणार?"

पण दुसऱ्यांना करून द्यायला त्या एका पायावर तयार असत. जेवणाच्या सुट्टीत बायका आपापल्या घरातल्या बाटल्या घेऊन यायच्या: कुणाच्या नवऱ्याने दुबईहून आणलेली, कुणाची वाढदिवसाला मिळालेली आणि न आवडलेली, कुणाचं देवघरातलं अत्तर. ताई म्हणायच्या, नवीन काही विकत घ्यायचं नाही, घरात आहे त्यातूनच जमवायचं. आधी जड वास, मग हलका. दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटं थांबायचं. मनगट मनगटावर घासायचं नाही. "घासलंस की दोघांचं भांडण लावून दिलंस."

त्यातली मंगलची गोष्ट मला जास्त आठवते. मंगल कोळीण. सकाळी आईबरोबर मासळी निवडून, मग अंघोळ करून आमच्याकडे पॅकिंगला यायची. एकदा नवीन आलेल्या सेल्समनने तिच्या बाजूला उभं राहून नाकाला रुमाल लावला. दुसऱ्या दिवसापासून मंगल मोगऱ्याचं अत्तर अक्षरशः ओतून यायला लागली. आता सगळ्यांनाच डोकं दुखायला लागलं, पण तिला सांगणार कोण? ताईंनी तिला मोरीत नेलं, साबणाने हात-मान धुवायला लावली आणि सगळ्यांसमोर टेबलाशी बसवलं.

"कुणाला लपवतेस? आईला?" त्यांनी विचारलं.

मंगल रडायला लागली. "ताई, घासून घासून धुते मी. जात नाय तो वास."

"मग जाऊ नको देऊस. वास मारायचा नसतो गं, त्याच्या बाजूला जाऊन बसायचं असतं. मोगरा आणि बोंबील, हे स्थळ कुठल्याच जन्मी जमायचं नाही. पण तुझ्या अंगाला समुद्र आहे. त्याला लिंबू चालतं, वाळा चालतो."

त्यांनी तिला वाळ्याच्या अत्तराचा एक थेंब लावला आणि वर लिंबाच्या वासाचं साधं कोलन. पाच मिनिटांनी आम्ही एकेक करून मंगलची मान हुंगली. मासळी गेली नव्हती. पण आता ती खाडीवरून वारा आल्यासारखी वाटत होती. रुमालवाल्या सेल्समनला ताईंनी मुद्दाम बोलावलं. "ये, हुंग. आणि माफी माग." त्याने दोन्ही केलं.

तीन वर्षांपूर्वी ताईंना ताप आला. पंधरा दिवस घरी होत्या. परत आल्या तेव्हा थोड्या वाळल्या होत्या, बाकी ठीक दिसत होत्या. पण त्या बाजूने गेल्या की चंदन नाकात शिरायचं. इतकं अत्तर त्यांनी कधी लावलं नव्हतं. मला वाटलं, आजारातून उठल्यात, हात सुटला असेल. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यातली भाजी करपलेली होती. त्या शांतपणे खात होत्या. तेव्हाही मी बोलले नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

आठवड्याभराने अगरबत्तीच्या चंदनाची मोठी बॅच तयार झाली. ताईंनी पट्टी नाकाजवळ धरली, डोळे मिटले, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. जाऊ दे." डिस्पॅचचे कागद माझ्याकडे असल्याने पट्टी माझ्या टेबलावर आली. मी सहज हुंगली. चंदनाच्या मागे रबर जळल्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं माझंच चुकतंय. चौदा वर्षं डबा खाल्ला म्हणून काही मला सुलभाताईंचं नाक येत नाही. तरी मी पट्टी घेऊन त्यांच्यामागे गच्चीवर गेले.

"ताई, याला जळका वास येतोय."

त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. पट्टी हातात घेतली, पण नाकाकडे नेली नाही.

"येत असेल," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माका कायच येत नाय गो." ताई एरवी आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायच्या. मालवणी फक्त भांडताना किंवा घाबरल्यावर यायची. "तापापासून. मला वाटलं येईल, आज येईल, उद्या येईल. तुमच्या सगळ्यांची तोंडं बघून मान हलवत होते मी. आज कुणाच्या तोंडावर काही दिसलं नाही."

मी म्हटलं, आपण कुणाला सांगायचं नाही. मी हुंगत जाईन, तुम्हाला खूण करेन. काही दिवसांचाच प्रश्न आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असाव्यात, पण आवाज चढला नाही. "आणि तुझंही चुकलं तर? एखादी बाई देवापुढे अगरबत्ती लावेल आणि घरभर जळका वास. माझ्या मानेवर विश्वास ठेवूनच ना?"

त्या सरळ खाली शेठच्या केबिनमध्ये गेल्या. मी दारात उभी होते. "शेठ, हा माल थांबवा. स्मिताला जळका वास आलाय, ती म्हणते ते खरं धरा. आणि आजपासून मी तपासणार नाही. माझं नाक गेलंय." शेठना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी स्वतः उठून माल थांबवला. ड्रम उघडून पुन्हा तपासले, तर बनवताना तेल जास्त तापलेलं निघालं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईलही, न येईलही. सकाळ-संध्याकाळ गुलाब, लवंग, लिंबू आणि निलगिरी असे चार वास हुंगत जा, म्हणजे नाकाला पुन्हा सवय लागेल. ताईंनी ते शाळेतल्या मुलीसारखं नेमाने केलं. सहा महिने. काही आलं नाही. शेठनी पॅकिंगचं काम ठेवलं होतं, पण सगळ्यांनी पट्ट्या हुंगायच्या आणि आपण खोके मोजायचे, हे त्यांना सोसेना. एका शनिवारी त्यांनी निळा कोट घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या.

मी रविवारी त्यांच्याकडे जायचे. दूध उतू गेल्याचं कळत नाही म्हणून यजमान शेगडीपाशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असायचे. ताईंनी अत्तर, तेल, सगळंच बंद केलं होतं. "फोडणी टाकते आणि काहीच होत नाही," एकदा म्हणाल्या. "टीव्हीचा आवाज बंद करून बघितल्यासारखं." मी तपासायच्या कामावर ताईंच्या जागी लागल्याचं त्यांना महिनाभर सांगितलंच नव्हतं. त्यांनीच विचारलं, "तू हुंगतेस ना आता?" मी हो म्हटलं. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या.

असाच एक रविवार होता आणि मंगल आली. बरोबर तिची मुलगी प्रणिता. तिचं लग्न ठरलं होतं. मंगलने पेढे ठेवले, पाया पडली आणि म्हणाली, "ताई, हिला तिचा स्वतःचा वास करून द्या. मला दिलात तसा."

ताईंचा चेहरा बदलला. "मंगल, आंधळ्याकडे चित्र मागतेस तू."

"मला काय ठाव नाय का ताई? सगळं ठाव आहे. पण तुमाला आठवत तर असेल."

मग ताई उठल्या, कपाटातून बाटल्यांचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तू हुंग आणि सांग. मी ऐकते."

ते चार रविवार माझ्या आयुष्यातली खरी शाळा. पहिला थेंब लावला, मी म्हटलं, "छान, गोड आहे."

"गोड म्हणजे? गुळासारखा गोड की पेरूसारखा?"

"फ्रेश आहे, ताई."

"फ्रेश तर कोथिंबीरही असते. नीट सांग. कुठे लागतो? नाकाच्या टोकाला, की घशाशी?"

प्रणिता स्वतःचा व्हॅनिलाचा स्प्रे घेऊन आली होती. मला वाटलं ताई तो बाजूला ठेवतील. पण त्यांनी विचारलं, "तुला आवडतो? मग तो राहणार. लग्न तुझं आहे." चंदन तळाला, त्यावर वाळ्याचं एक बोट, मग व्हॅनिला, शेवटी संत्र्याचं कोलन. तीन वेळा मोडलं, चौथ्यांदा जमलं. जमलंय हे ताईंना माझ्या शब्दांवरूनच कळलं. मी म्हणाले, "आता वेगवेगळं सांगता येत नाही." त्या म्हणाल्या, "झालं मग. लिहून घे."

लग्न चारकोपच्याच एका हॉलमध्ये होतं. ताई यजमानांबरोबर दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी स्टेजवर जाऊन प्रणिताला मिठी मारून खाली आले, तर त्यांनी माझा हात धरून बाजूच्या खुर्चीत बसवलं. "सांग."

"मस्त येतोय, ताई."

"मस्त नको. सांग."

मी डोळे मिटून आठवलं. "जवळ गेल्यावर पहिल्यांदा संत्र्याचं साल. मग व्हॅनिला, पण आइस्क्रीमचा नाही, गरम दुधासारखा. आणि मानेशी नव्या माठातल्या पाण्यासारखं थंड काहीतरी. ते खाली उतरल्यावरही नाकात राहिलंय."

"आणि चंदन?"

"आहे. पण शोधावं लागलं."

त्यांनी क्षणभर मान खाली घातली. मग म्हणाल्या, "वाळा जास्त झालाय. एक बोट सांगितलं होतं, पोरीने दोनदा लावलाय."

मला खरं वाटलं नाही. पंगतीच्या आधी प्रणिता वरच्या खोलीत साडी बदलायला गेली तेव्हा मी तिला गाठलं. ती ओशाळून हसली. "हो ना मावशी. पहिल्यांदा लावताना घाई झाली, नीट लागलं नाही असं वाटलं. म्हणून पुन्हा लावलं."

मी खाली येऊन सांगितलं. ताईंनी बाजूला वळून यजमानांच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "ऐकलंत? दोनदा लावलं पोरीने." मग जेवताना समोर बसलेल्या मंगलच्या जावेला सांगितलं. हात धुताना शेठना सांगितलं. हॉलमधून बाहेर पडेपर्यंत त्यांनी ते ओळखीच्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगितलं.