सोनं काढून ठेवा

"मावशी, सोनं काढून ठेवा," मी म्हणालो.

शेवंतीमावशीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला घराबाहेर जायला सांगितलं. पूर्णगडला तिच्याच घराच्या पडवीत ती खुर्चीवर बसली होती. जांभळी काठपदराची नऊवारी, गळ्यात बोरमाळ, कानात कुड्या, दोन्ही हातांत पाटल्या. केसांना तेल लावून चापूनचोपून अंबाडा घातलेला. सकाळपासून तयार होऊन बसली होती, असं तिची सून मनीषा मला चहा देताना म्हणाली होती.

"परत काडू? आज पन हाडांचाच फोटू काडतंस काय रं?"

मनीषा फिसकन हसली. मीही हसलो. त्या प्रश्नाला कारण होतं.

मी रत्नागिरीत एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक्निशियन आहे. एकवीस वर्षं झाली. "दागिने काढून ठेवा, श्वास रोखा, हलू नका" ही तीन वाक्यं मी दिवसातून पन्नास वेळा बोलतो. धातू मध्ये आला तर फिल्मवर पांढरा डाग पडतो आणि त्याखालचं हाड दिसत नाही, म्हणून. मावशी माझ्याकडे पहिल्यांदा आली ती मनगट मोडून. जेटीवर मासळीची पाटी उचलताना पाय घसरला होता. हात सुजलेला, पाटली निघेना. शेवटी सिस्टरने साबणाचं पाणी लावून काढली. त्या वेळी मावशीने मला आणि माझ्या मशिनला जे काय ऐकवलं, ते इथे लिहिता येत नाही.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी ती मुद्दाम माझ्या खोलीत डोकावली. माझ्या टेबलावर मी काढलेले दोन-तीन फोटो लावलेले असतात. ते बघून म्हणाली, "ह्ये तू काडलंस? मग माजापन काड. नवऱ्याचा फोटू भिंतीवर लागून बारा वर्सं झाली. बाजूला माजी जागा हाय. सोनं घालून काडायचा. मासली विकून केलंय मी त्ये, कोनी दिलेला नाय. मी मेलंय की पोरांना फोटू शोधायला लागू नये."

इतकं साधं काम होतं. मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर हो म्हणताना मी तिचं ऐकतच नव्हतो, तिचा चेहरा बघत होतो. उन्हावाऱ्याने रापलेला, सुरकुत्यांनी भरलेला. आमच्या फोटोग्राफी क्लबची पोर्ट्रेटची स्पर्धा महिन्यावर आली होती.

तर पडवीत. तिचे सोनं घातलेले सहा-सात फोटो मी काढले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितले आणि नाक मुरडलं. पाटल्या चमकत होत्या, साडीचा काठ डोळ्यात येत होता, आणि मावशी चक्क हसत होती. कुठल्याही लग्नाच्या अल्बममध्ये खपला असता असा फोटो. म्हणून म्हणालो, सोनं काढा, रोजची साडी नेसा, पाटी जवळ घ्या.

"आनि माजा फोटू?"

"तो पण काढतो ना. आधी हा काढू, मग तुमचा."

ती आत गेली. बाहेर आली ती विटक्या साडीत. सोनं रुमालात बांधून मनीषाच्या हातात दिलेलं.

आता उजेडाचं थोडं सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. माणूस छान दिसायला हवा असेल तर फ्लॅशपुढे सॉफ्टबॉक्स लावतात. पांढऱ्या कापडाची पेटी असते ती. उजेड त्यातून गाळून येतो, चेहऱ्यावर सारखा पसरतो, सुरकुत्या भरून निघतात. मी तो काढून ठेवला. उघडा फ्लॅश घेतला आणि तिच्या कानाच्या बाजूला, थोडा मागे उभा केला. असा उजेड चेहऱ्यावरून आडवा सरकत जातो आणि प्रत्येक सुरकुतीला स्वतःची सावली पडते. दुसऱ्या बाजूला काळं कापड धरायला मनीषाला उभं केलं, म्हणजे उरलेला अर्धा चेहरा अंधारात जाईल.

"मावशी, हसू नका."

"का?"

"असाच हवाय. लांब बघा. समुद्राकडे."

"समुद्र त्या अंगाला हाय रं."

"असू दे. तिकडेच बघा."

दीड तास ती तशी बसली. बरं झालेलं मनगट मध्येच दुसऱ्या हाताने चोळायची. मला हवा होता तो फोटो मिळाला, मग तसेच आणखी चाळीस काढले. हौशी माणसाचं असंच असतं, पोट भरलं तरी ताट सोडवत नाही. शेवटी फ्लॅशची बॅटरी संपली. दुसरी मी चार्ज करून आणलीच नव्हती. ऊन माडांच्या मागे गेलं होतं.

"मावशी, आता उजेड नाही. पुढच्या रविवारी येतो, तुमचा फोटो नीट काढू."

"आता नाय काडत?" तिने रुमाल मनीषाकडून परत घेतला होता. तो तसाच बांधलेला मांडीवर होता. "बरा. ये रविवारी."

घरी येऊन मी तो फोटो एडिट केला, पुढचा रविवारही त्यातच गेला. कृष्णधवल केला. सॉफ्टवेअरमध्ये क्लॅरिटी नावाची एक पट्टी असते. ती उजवीकडे ओढली की चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ ठसठशीत होते. माणसाने थोडी ओढावी. मी शेवटपर्यंत ओढली. मग उजळ जागा ब्रशने आणखी उजळ केल्या, काळ्या आणखी काळ्या केल्या. मावशीचं वय सत्तरीच्या आत असावं. मी तिला नव्वदीची केली.

क्लबचे अध्यक्ष बापट सर. निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांचा शब्द आमच्यात शेवटचा. फोटो त्यांनी हातात घेऊन उजेडात धरला.

"हा चेहरा बोलतोय," ते म्हणाले. "नाव काय देणार?"

"ठरवलं नाही सर."

"'संघर्ष' दे."

'संघर्ष'ला पहिलं बक्षीस मिळालं. हॉलमध्ये दाराशीच तो मोठ्ठा करून लावला होता. माणसं समोर उभी राहून हळहळत होती. एक बाई मला म्हणाल्या, "किती सोसलंय हो हिने!" मी मान हलवली. मावशीने काय सोसलं होतं हे मला कुठे माहीत होतं? मी तिला विचारलं होतं ते एवढंच, की हात अजून दुखतो का. एका स्थानिक पेपरात फोटो छापून आला. ते कात्रण मी लॅमिनेट करून टेबलावर ठेवलं.

पंधरा दिवसांनी मावशी हॉस्पिटलला आली. पेपर तिच्यापर्यंत पोचला होता. टेबलावरचं कात्रण तिने उचललं, डोळ्यांजवळ नेलं.

"ही भिकारीन कोन रं?"

"मावशी, असं काय म्हणता? पहिलं बक्षीस मिळालं याला."

"तुला मिलाला. बरा झाला." कात्रण तिने उलटं करून ठेवलं. "बाजारात बाया इचारतात, शेवंते, पोरं तुला खायला घालत नाय काय? सुनेला तोंड दाखवायला जागा नाय. नवरा असता तर बोल्ला असता, मी तुला असा ठेवलेला काय?"

मी तिला कलेबद्दल काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते आठवून आज मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ती ऐकून घेऊन म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे. माजा फोटू कदी काडतंस?"

"येत्या रविवारी. नक्की."

येत्या रविवारी गणपतीपुळ्याला एका मित्राच्या मुलीचं प्री-वेडिंग शूट निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी क्लबची आउटडोअर, म्हणजे फोटो काढायची सहल, होती. मग माझी नाइट ड्युटी लागली. मग पाऊस आला, आणि पावसात एवढं सामान पूर्णगडला न्यायचं कसं, हे कारण मला दोन महिने पुरलं. रत्नागिरी ते पूर्णगड तासाभराचा रस्ता आहे.

श्रावणात मनीषा एक्स-रेच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिला बघून मला वाटलं, मावशीचा हात परत मोडला.

"दादा, आय गेली. परवा. झोपेतच."

मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली. ती उभीच होती, म्हणून मीही उभा राहिलो.

"बाराव्याला फोटो लावायचाय. तो पेपरातला नको, ह्यांनी आधीच सांगितलंय. तुम्ही सुरुवातीला सोन्यातले काढलेले ना? आय नेहमी सांगायची, डाक्टरकडे हायत ते. त्यातलाच एक द्या."

मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे मी मावशीला कधी सांगितलं नव्हतं. आवडायचं मला ते.

"बघतो. आहेत. असतील," मी म्हणालो.

घरी जाऊन कॉम्प्युटर उघडला. कॅमेरा दर नव्या फोल्डरमध्ये फोटोंना एकपासून ओळीने नंबर देतो. त्या दिवशीच्या फोल्डरमधला पहिला नंबर होता आठ. एक ते सात नव्हतेच. पाटी मांडीवर घेतलेल्या मावशीपासूनच फोल्डर सुरू होत होता.

मग आठवलं. आमच्यात एक सवय असते, आणि आम्हाला तिचा अभिमानही असतो. नको असलेली फ्रेम जागच्या जागी डिलीट करायची. त्याला शिस्त म्हणतात. मावशी आत साडी बदलत होती, तेव्हा मी पडवीत बसून चहा पीत एकेक फोटो उडवला होता. कार्डात जागा भरपूर होती. डिलीट झालेले फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर असतं, तेही चालवून बघितलं. पण त्या कार्डावर मी नंतर प्री-वेडिंग काढलं होतं, आउटडोअर काढली होती. मिळाली ती समुद्राकाठी पळणारी नवरी.

हे मनीषाला सांगायची माझी छाती झाली नाही. "थोडं एडिटिंग करावं लागेल," असं म्हणालो. दोन दिवस रजा टाकली आणि पूर्णगडला गेलो. त्याच पडवीत तीच खुर्ची ठेवली. मनीषाला सासूची जांभळी साडी नेसायला सांगितली, अंगावर सासूचं सोनं घालायला सांगितलं. फ्लॅश त्याच कोनात उभा केला. उजेड जुळला नाही तर जोड उघडी पडते. मनीषा खुर्चीत ताठ बसली. तिच्या धडावर सासूचं डोकं बसणार, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने बोरमाळ नीट केली. दिराचं जेवण व्हायचंय म्हणून उठून गेली, परत आली, परत बसली.

मग मावशीचं डोकं त्या धडावर बसवायचं काम. मानेशी जोड लपवली. रंग जुळवला. बोरमाळेची सावली हाताने रंगवली. मूळ फाइल होती, त्यामुळे क्लॅरिटी काढून टाकता आली, रंग परत आणता आला. सुरकुत्या मात्र तेवढ्याच राहिल्या, कारण त्या सावल्या सॉफ्टवेअरने घातलेल्या नव्हत्या, मी दिव्याने घातल्या होत्या. त्या एकेक करून पुसल्या. एवढं बारीक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. बापट सरांनाही जोड दिसली नसती.

प्रिंट घेऊन गेलो. मनीषाने दोन्ही हातांत धरली. नवरा तिच्या खांद्यावरून बघत होता.

"सोनं बरोबर हाय," मनीषा म्हणाली. "साडी बरोबर हाय. पण आय अशी बसायची नाय, दादा. सोनं घातलं की ती हसायची. ही तर सोनं काढून घेतल्यासारखी बसलीय."

हसू नका, असं मीच म्हटलं होतं. हसणारे सात होते, तेही आता तिला सांगून टाकलं. कसे गेले तेही सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने प्रिंट पाकिटात घातली आणि माझ्या हातात परत दिली. "ठेवा तुमच्याकडं. चहा ठेवू?"

बाराव्याला मी गेलो. भिंतीवर नवऱ्याच्या शेजारी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. कुठल्याशा झेरॉक्सवाल्याकडून केलेला, कडा धूसर झालेल्या, डोळे अर्धवट मिटलेले. पण त्यात तिच्या कानात कुड्या होत्या. त्या कोणी काढायला सांगितल्या नव्हत्या.

'संघर्ष' क्लबच्या ऑफिसात अजून लावलेला आहे. मी काढून टाकायला सांगितलं तेव्हा बापट सर म्हणाले, "भावनेच्या भरात असं करू नकोस, तो आता क्लबचा फोटो आहे." नवीन मुलं येतात, मला साइड लाइटिंग शिकवा म्हणतात. मी शिकवतो. आधी एक गोष्ट सांगतो. माणूस स्वतः ज्या कपड्यात येऊन बसला असेल, त्यातला फोटो पहिला काढा. हसू द्या. घरी नेऊन त्याच दिवशी प्रिंट काढा, नेऊन द्या, मग तुम्हाला काय कला करायची ती करा.

मुलं मान डोलवतात. मग विचारतात, सर, तशा फोटोला बक्षीस मिळतं का? मी खोटं बोलत नाही. नाही मिळत, म्हणून सांगतो.